अण्णांची ट्रंक आणि वॉशिंग्टनचं एक म्युझियम

सुनेने एका बुधवारी सुट्टी काढली आणि मला ड्युपॉन्ट सर्कलजवळच्या एका म्युझियममध्ये नेलं. आठवडाभर मोठमोठी म्युझियमं बघून माझे पाय भरून आले होते. पण हे लहान आहे आणि विषय फौजेचा आहे म्हणाली, म्हणून निघाले. फौजेच्या गोष्टीला मी कधी नाही म्हणत नाही. माझे अण्णा मराठा लाईट इन्फंट्रीत होते, तिच्या पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत.

हे म्युझियम अमेरिकेच्या सैन्यातल्या ज्यू सैनिकांचं. ते चालवणाऱ्या माजी सैनिकांच्या संघटनेची मुळं १८९६ सालची. यादवी युद्ध लढून वय झालेली ज्यू माणसं तेव्हा न्यूयॉर्कमध्ये एकत्र आली, कारण ‘तुमच्यातलं लढलं कोण?’ असं लोक उघड म्हणत होते, छापूनही येत होतं. आपण होतो, एवढं सांगायला त्यांना संघटना काढावी लागली.

मला आई आठवली. अण्णा गेल्यावर तिच्या पेन्शनसाठी आम्ही चौदा महिने एका कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या. फौजेच्या कागदावर ‘दत्तू’, बाकी सगळीकडे ‘दत्तात्रय’. टेबलापलीकडच्या माणसाने आईला विचारलं, “हे तेच कशावरून?” आई काही बोलली नाही. घरी येऊन तिने ट्रंक उघडली आणि अण्णांचं ‘पूर्वी स्टार’, म्हणजे पूर्व आघाडीवर लढल्याचं पदक, पदराने पुसत बसली. १९७१ च्या डिसेंबरात अण्णा तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, आजच्या बांगलादेशात, जमालपूरला लढले होते.

म्युझियममध्ये एक दालन मेडल ऑफ ऑनर, म्हणजे अमेरिकेचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळालेल्यांचं आहे. त्यातल्या टिबोर रुबिनने मला रडवलं. हंगेरीतला पोरगा, तेराव्या-चौदाव्या वर्षी नाझींच्या माउटहाउझेन छावणीत. १९४५ च्या मे महिन्यात अमेरिकन सैन्याने सोडवलं, तेव्हाच त्याने ठरवलं की आपण यांच्या फौजेत जायचं. गेला, आणि कोरियाच्या युद्धात पकडला गेला. तिथल्या कैदेत अडीच वर्षं तो रात्री बाहेर सरपटत जाऊन शत्रूच्या कोठारातून अन्न चोरायचा आणि आजारी सोबत्यांना भरवायचा. उपाशी कसं जगायचं हे त्याला छावणीने शिकवलं होतं. त्याच्यामुळे चाळीसेक जण जगले असं मानतात. पदकासाठी वरच्या अधिकाऱ्यांनी नाव सुचवलं होतं, पण त्याचा सार्जंट ज्यूंचा द्वेष करायचा, त्याने कागद पुढे सरकवलेच नाहीत. पदक मिळालं २००५ मध्ये. आमचे चौदा महिने त्यापुढे काहीच नाहीत, तरी तो न सरकलेला कागद मला ओळखीचा वाटला.

सुनेने आणखी एक सांगितलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकाच्या गळ्यातल्या बिल्ल्यावर धर्माचं अक्षर ठोकलेलं असे, ज्यू असेल तर ‘एच’, म्हणजे हिब्रू. मेला तर त्याच्या रीतीने पुरता यावं म्हणून. पण जर्मनांच्या हाती पडला तर तेच अक्षर जिवावर बेतायचं. काहींनी बिल्ला फेकला, काहींनी तसाच गळ्यात ठेवला. त्या ठेवणाऱ्यांचा विचार माझ्या मनातून अजून जात नाही.

आपल्याकडचे ज्यू सैनिक तिथे नाहीत, ते म्युझियम त्यांच्या देशापुरतं. पण मला जेकबसाहेब आठवणारच. अण्णा पूर्वेच्या आघाडीवर होते तेव्हा ईस्टर्न कमांडचे चीफ ऑफ स्टाफ होते कोलकात्याचे ज्यू, मेजर जनरल जे. एफ. आर. जेकब. १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी फौजेची शरणागती झाली, त्र्याण्णव हजार युद्धकैदी, आणि ती घडवून आणण्यात जेकबसाहेबांचा हात मोठा. अण्णा त्यांचं नाव घेताना बसल्या जागी ताठ व्हायचे. २०१९ मध्ये जेरुसलेमच्या अॅम्युनिशन हिलवर ज्यू सैनिकांच्या सन्मानभिंतीवर त्यांच्या नावाची पाटी लागली. अण्णांना हे कळायला हवं होतं.

आणि आपले कोकणातले ज्यू, बेने इस्रायल! शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनवार तेली, आडनावं दिवेकर, पेणकर, घरात मराठी. त्यांच्यातले सॅम्युएल दिवेकर ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत होते, टिपूच्या कैदेतून सुटून आले आणि १७९६ मध्ये मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, त्यांनी बांधलं. माझ्या शाळेच्या पुस्तकात यातली एक ओळ नव्हती.

आमच्या सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे, घरटी एक तरी फौजी. पहिल्या महायुद्धात त्या गावचे ४६ जण कामी आले. तिथे निदान स्मारकाचा दगड आहे. माझ्या माहेरच्या गावाला तोही नाही. म्हणून परत आल्यावर मी शंभर पानी वही घेतली. पहिल्या पानावर अण्णांचं नाव दोन्ही तऱ्हांनी लिहिलं, दत्तू आणि दत्तात्रय, खाली नंबर आणि पलटण.

आतापर्यंत एकोणतीस नावं झाली. परवा खालच्या आळीतल्या सुलाकाकू आल्या, म्हणाल्या, “आमच्या मामंजींचं पण लिही गं. बर्मात गेले ते आलेच नाहीत. नंबर काय मला माहीत नाही.” त्यांच्या माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे, कुलूप गंजलंय. रविवारी भाच्याला हातोडी घेऊन बोलावलंय.