ड्युअल १२१९ : ग्रीस उतरवलं, ऑटोमॅटिक सुरू, आता वेग

ड्युअल १२१९ हा जुना ऑटोमॅटिक रेकॉर्ड प्लेयर. मशीन हाती आलं तेव्हाची लक्षणं : मोटर गार असताना प्लॅटर (तबकडी ठेवायची फिरती थाळी) ओढत नाही, ‘स्टार्ट’ केल्यावर आर्म (सुईचा दांडा) उठतो पण तबकडीकडे न जाता जागच्या जागी परत बसतो, आणि डावा चॅनल अधूनमधून गायब. अशा वेळी लगेच सुटे भाग शोधायला धावू नये. या जातीच्या मशीनमध्ये पार्ट खराब होण्याआधी ग्रीस वाळतं, आणि वाळलेलं ग्रीस लाखेसारखं घट्ट बसतं.

प्लग काढूनच सुरुवात. प्लॅटर मध्यभागी असलेल्या सर्क्लिपने (स्प्रिंगसारख्या धातूच्या कडीने) अडकवलेला असतो. क्लिप उडते, म्हणून वर कापड धरावं. प्लॅटर सुमारे ३ किलोचा आहे, दोन्ही हातांनी सरळ वर उचलावा. त्याखालच्या बेअरिंगमधल्या वॉशर आणि छर्‍यांच्या रिंगचा क्रम फोटो काढून ठेवला. तो चुकला तर घरघर येते आणि मग दोष मोटरवर ढकलला जातो.

खालच्या बाजूला आर्म आपोआप हलवणारं मोठं कॅम-चाक (खाचा असलेलं चाक) आणि लिव्हर. आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाच्या काड्या, टोकदार लाकडी काडी एवढं पुरतं. प्रत्येक सांधा सुटा करून धुतला. परत लावताना कॅमच्या खाचेत लिथियम ग्रीसचा पातळ थर, धातूच्या पिनांना थेंबभर तेल. मात्र तबकडी संपल्यावर आर्म उचलायचा इशारा देणारी हलकी लिव्हर कोरडीच ठेवायची. तिला हलवायला आर्मकडे नगण्य जोर असतो. तिथे ग्रीस लावलं की शेवटच्या खाचेत सुई फिरत राहते. गंज सोडवणारे स्प्रे तर इथे अजिबात नकोत. ते ग्रीस विरघळवून सगळीकडे पसरवतात, आणि रबराला चिकटलं की आयडलर (मोटरचा फेर प्लॅटरला देणारं रबरी कडेचं चाक) घसरायला लागतो.

सगळं मोकळं झालं तरी आर्म आत जात नव्हता. हा मात्र खरोखर पार्टचा दोष : मुख्य लिव्हरच्या पिनवरची छोटी रबरी टोपी. जर्मन मंडळी तिला ‘श्टॉयरपिंपेल’ म्हणतात. ती आर्मखालच्या पट्टीला खालून टेकते आणि घर्षणाने आर्म सरकवते. झिजून गेली की पकडच राहत नाही. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा किंवा वायरच्या आवरणाचा सुमारे ४ मिमी तुकडा चालतो. आधी थोडा लांब कापून मग छाटत यावा. जास्त लांब राहिला तर आर्म अडतो, आखूड पडला तर दोष तसाच. इथे आता आर्म व्यवस्थित जाऊन उतरतो.

मोटर उघडताना दोन्ही अर्ध्या भागांवर आरपार खूण करून ठेवली. बुश (मोटरचा दांडा ज्यात फिरतो ती कडी) सच्छिद्र कांशाचे असतात. जुनं तेल अल्कोहोलने काढून ते पातळ टर्बाइन तेलात रात्रभर भिजवले. गाडीचं इंजिन ऑइल नको. जोडल्यावर रोटर बोटाने फिरवून पाहावा. अडकत असेल तर बुश तिरके बसलेले असतात. केसिंगला स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोके दिले की सरळ होतात.

आयडलरचं रबर नुसतं गुळगुळीत झालं असेल तर अल्कोहोल, नंतर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरवर चाक फिरवून हलकी घासणी. कडेला भेगा असतील तर बदलच.

चॅनल गायब होण्याचं मूळ म्यूट स्विच (आवाज बंद ठेवणारा स्विच) आणि आर्मच्या टोकाच्या हेडशेलचे संपर्क. आर्म हलत असताना हा स्विच दोन्ही चॅनल शॉर्ट करतो. पाती काळवंडली तर शॉर्ट सुटत नाही किंवा अर्धवट सुटतो. काँटॅक्ट क्लीनरमध्ये बुडवलेली कागदाची पट्टी पात्यांमधून ओढली की पुरे, पाती वाकवू नयेत. जुन्या गोल डिन प्लगच्या केबलऐवजी आरसीए प्लगची केबल लावणार असाल तर एका चॅनलच्या शील्डला (वायरीभोवतीच्या धातूच्या जाळीला) जोडलेली चॅसिसची अर्थ सोडवून स्वतंत्र अर्थ-वायर काढा. ती राहिली तर गुणगुण येते.

आता वेग. स्ट्रोब चकती (वेग बरोबर असला की जिच्या रेघा स्थिर दिसतात) ५० हर्ट्झच्या विजेवरच्या साध्या बल्बखाली पाहावी. मिनिटाला ३३⅓ फेर्‍यांसाठी १८० रेघा, ६० हर्ट्झ असेल तर २१६. एलईडी दिव्यांत रेघा बर्‍याचदा स्थिर दिसतच नाहीत. मोटरच्या दांड्यावरची पुली निमुळती आहे, वेग जुळवायचा पिच नॉब आयडलर वरखाली करून वेग बदलतो. वेग तब्बल १७ टक्के कमी असेल तर नॉबशी झटापट निरर्थक. ती ६० हर्ट्झची पुली ५० हर्ट्झवर चालत असते.

सध्या पाव तास तापल्यावर रेघा स्थिर आहेत, नॉब मध्यापासून किंचित वर. गार असताना मात्र त्या मागे सरकतात, म्हणजे मोटरचा खालचा बुश अजून पुरता मोकळा नाही. तो परत उघडायचा आहे. काट्रिजचं (सुई बसवलेल्या भागाचं) संरेखन त्यानंतरच. वेग ठरल्याशिवाय सुईला हात लावण्यात अर्थ नाही.