सीईटी निघाली, कन्व्हर्जन सर्टिफिकेट अडलं

नोकरी सांभाळून तीन वर्षांच्या एलएलबीला प्रवेश घेतला हे कळलं की लोक हमखास विचारतात, "अभ्यास कधी करायचीस?" कागदपत्रांचं काय केलंस, असं अजून एकानेही विचारलेलं नाही. माझा सगळा राग त्या कागदपत्रांवर आहे, त्यामुळे न विचारताच सांगते. अभ्यासाचं आधी उरकते.

महाराष्ट्रात विधी प्रवेशासाठी सीईटी २०१६ पासून आहे. मी ती मार्च २०२४ मध्ये दिली. संगणकावर दीडशे प्रश्न आणि दोन तास. इंग्रजीचे पन्नास, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडींचे चाळीस, कायदेविषयक कल आणि तर्कशक्ती यांचे तीस-तीस. आराखडा बदलत असतो, तेव्हा आपल्या वर्षाची माहितीपुस्तिका वाचा, कुणाच्या जुन्या नोट्सवर विसंबू नका. कायद्याच्या भागाला मी उगाच घाबरत होते. राज्यघटना नीट झाली की निम्मं काम होतं, पण कलमांचे नुसते आकडे पाठ करून ती होत नाही. कलम ३२ खाली सर्वोच्च न्यायालयात जाता येतं ते मूलभूत हक्कांसाठी. कलम २२६ खाली उच्च न्यायालयाचा अधिकार त्याहून मोठा, तिथे इतर कायदेशीर हक्कांसाठीही दाद मागता येते. हा फरक एकदा कळला की दोन्ही आकडे आपोआप लक्षात राहतात. मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने गेला आणि कलम ३०० अ मध्ये आला, हेही असंच.

तत्त्व आणि प्रसंग देऊन विचारलेल्या प्रश्नांत आपली न्यायबुद्धी बाजूला ठेवायची. तत्त्व जे सांगतं तेच लावायचं, मग ते पटो न पटो. मला हे जड गेलं, कारण ऑफिसात दिवसभर लोकांची भांडणं मिटवताना मी नेमकं उलटं करते.

माझ्या वेळी भारतीय न्याय संहिता मंजूर झाली होती, पण लागू व्हायची होती. ती १ जुलै २०२४ पासून लागू झाली. त्यामुळे मी जुन्या भारतीय दंड संहितेतली ३०२ आणि ४२० ही कलमं घोकली. आता खुनाच्या शिक्षेसाठी १०३ आणि फसवणुकीसाठी ३१८ लक्षात ठेवायचे. जुनी प्रश्नसंचांची पुस्तकं स्वस्तात मिळतात म्हणून घेणार असाल, तर फौजदारीची पानं सरळ वगळा.

या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. क्लॅटची, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेची, सवय असलेल्यांना हे अंगवळणी पडायला वेळ लागतो, कारण तिथे चुकीमागे पाव गुण जातो. इंग्रजीचा विभाग सोडला तर प्रश्न मराठीतही दिसतात. पण काही ठिकाणी तर्जुमा इतका बोजड की मूळ इंग्रजी बरं वाटावं. दोन्ही वाचा.

झाली परीक्षा. गुण चांगले आले. मग कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया, सुरू होण्याची वाट पाहणं आलं, आणि ते किती लांबेल हे मनाशी ठरवू नका. मी ठरवलं होतं आणि त्या हिशेबाने रजाही मागून ठेवली होती. साहेबांनी ती दिली आणि नेमक्या त्या आठवड्यात काहीच झालं नाही.

कॅपचा अर्ज भरताना पदवीचे मिळालेले गुण, एकूण गुण आणि टक्के भरायचे असतात. तीन वर्षांच्या एलएलबीला खुल्या प्रवर्गासाठी पदवीला किमान ४५ टक्के लागतात, ओबीसींना ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४०. गुणवत्ता यादी लागते सीईटीच्या गुणांवर. पदवीचे टक्के मुख्यतः पात्र आहात की नाही एवढं बघायला. माझी पदवी श्रेणी पद्धतीची. गुणपत्रिकेवर सीजीपीए, म्हणजे श्रेणीगुणांची सरासरी, आहे, टक्के नाहीत. मी टक्के काढून भरले, कागद चढवले आणि निर्धास्त झाले. ई-स्क्रुटिनीतून, म्हणजे कागदांच्या ऑनलाइन तपासणीतून, अर्ज त्रुटी दाखवून परत आला: विद्यापीठाचं कन्व्हर्जन सर्टिफिकेट, म्हणजे सीजीपीएचे टक्के किती होतात ते सांगणारा दाखला, जोडा.

पहिल्यांदा वाटलं, हा काय छळ आहे. साधा गुणाकार तर करायचाय. नंतर शांतपणे बघितलं तेव्हा तपासणाऱ्याचं म्हणणं पटलं. समजा सीजीपीए ६.२५ आहे. दहाने गुणलं तर साडेबासष्ट टक्के होतात. सीबीएसईने दहावीसाठी चालवलेला ९.५ चा गुणक लावला तर साधारण ५९. तंत्रशिक्षण परिषदेच्या तक्त्यात मात्र त्याच ६.२५ चे ५५. आकडा एक आणि टक्के तीन प्रकारचे. मग कुठले धरायचे हे पदवी देणाऱ्या विद्यापीठानेच सांगायला हवं. मान्य. पण मग ते सूत्र गुणपत्रिकेच्या मागे छापायला काय जातं? काही विद्यापीठं छापतात. आमच्यानं छापलं नव्हतं.

तिथून खिडक्यांचा प्रवास सुरू झाला. चौकशीच्या खिडकीने पात्रता विभागात पाठवलं. पात्रता विभागातल्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, "हे परीक्षा विभागाचं." परीक्षा विभागात अर्जाचा नमुना मिळाला, पण त्यावर महाविद्यालयाच्या प्राचार्यांची सही आणि शिक्का हवा. मी पदवी घेऊन इतकी वर्षं झालीत की आमच्या वेळचे हेडक्लार्कही निवृत्त झालेले. नव्यांनी जुनं रजिस्टर काढायला लावलं, माझं नाव सापडल्यावर स्वतःच खूश झाले आणि सही उद्या मिळेल म्हणाले. ती उद्या काही मिळाली नाही. मग चलन. ऑनलाइन पैसे भरले, तर त्या पावतीची छापील प्रत हवी. प्रत नेली, तर झेरॉक्स दोन हव्यात. हे सगळं एकदाच सांगायला हरकत नव्हती; एका कागदावर लिहून खिडकीशेजारी चिकटवलं असतं तर निम्मी रांग घरी गेली असती. माझ्यामागे उभा असलेला एमबीएच्या प्रवेशाचा मुलगा म्हणाला, "ताई, तुम्ही वकील झालात ना की यांच्यावरच पहिली केस टाका." तेव्हा हसू आलं नाही.

अर्ज दिला, पण तो कुठे आहे हे कुणालाच सांगता येईना. "सहीला गेलाय." कुणाच्या सहीला? "साहेबांच्या." साहेब कुठे? "मीटिंगला." इकडे त्रुटी दुरुस्त करायची मुदत सरत चाललेली, आणि रोज रात्री मी संकेतस्थळ उघडून ती वाढली का बघायचे. अखेर तिथल्याच एका शिपाईदादांनी विचारलं, "आवक नंबर घेतला का तुम्ही?" घेतला नव्हता, कारण अर्ज घेणाऱ्याने दिलाच नव्हता. ते म्हणाले, "मग फाइल शोधणार कोण?" ते स्वतः मला आवक-जावक टेबलाशी घेऊन गेले. अर्ज तिथेच होता, कुणाच्याही सहीला गेलेला नव्हता. नंबर पडला, प्रतीवर तारखेसह शिक्का मिळाला. तो शिक्का दाखवून मी परीक्षा विभागात नुसती बसून राहिले आणि त्याच दिवशी सर्टिफिकेट हातात आलं. त्यावर मजकूर दोन ओळींचा, आणि टक्के मी भरले होते तेच! इतका संताप आणि इतकं हायसं वाटणं मला एकाच वेळी कधी झालेलं नाही.

तेव्हा सांगणं एवढंच: श्रेणी पद्धतीची पदवी असेल तर सीईटीचा फॉर्म भरायच्याही आधी हे सर्टिफिकेट काढा. कॅप सुरू झाल्यावर तुमच्यासारखे शेकडो त्याच खिडकीवर असतात. आणि सरकारी टेबलावर कागद द्याल तर आपल्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय हलू नका, देणारा कितीही वैतागला तरी.

बाकी गोष्टी तुलनेने सरळ झाल्या. वर्णानुक्रमे यादी लागली तेव्हा नाव, प्रवर्ग आणि टक्के तपासले. तक्रारीची मुदत तेवढ्यापुरतीच असते, नंतर कोणी ऐकत नाही. पर्याय भरताना मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय आणि पुण्याचं आयएलएस सगळेच वर टाकतात, मीही टाकलं. पण त्याखाली नोकरीवरून वेळेत पोहोचता येईल अशीच नावं घातली आणि त्यातलंच एक मिळालं.

हो, एक राहिलं. ओबीसींमधून अर्ज करणाऱ्यांनी नॉन-क्रीमी लेयरची वैधता ज्या शैक्षणिक वर्षासाठी हवी त्याच वर्षाची आहे ना ते बघा; माझ्या मैत्रिणीची मागच्या ३१ मार्चला संपलेली निघाली. असे दाखले महसूल खात्याकडून घेताना लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ लक्षात ठेवा. कुठली सेवा किती दिवसांत आणि कोण देणार याचा फलक लावणं कार्यालयाला बंधनकारक आहे. फलकाकडे बोट दाखवलं की समोरच्याचा आवाज खाली येतो, हे मी पाहिलंय.

आणि वयाचं विचारणाऱ्यांसाठी: बार कौन्सिलने घातलेल्या कमाल वयाच्या अटीला सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्थगिती दिली. आमच्या वर्गात निवृत्त झालेले गृहस्थ आहेत आणि ते पहिल्या बाकावर बसतात.

प्रवेशाच्या दिवशी महाविद्यालयातल्या कारकुनाने मूळ कागद चाळले आणि विचारलं, "पदवीनंतर गॅप आहे, प्रतिज्ञापत्र?" ते माझ्याकडे तयार होतं, दोन प्रतींसह. त्याने ते घेतलं आणि फाइल मिटायला लागला. कन्व्हर्जन सर्टिफिकेटकडे त्याने बघितलंही नव्हतं. मी म्हटलं, "दादा, हेही लावा." तो म्हणाला, "याची गरज नाही, ऑनलाइन व्हेरिफाय झालंय." मी म्हटलं, "असू दे, तरी लावा," आणि त्याने टाचणी मारेपर्यंत टेबलाजवळून हलले नाही.