तिथी तीच, ऋतू निराळा: नवरात्रात कळसूबाईला पायी जाताना

कळसूबाईला नवरात्रात जायचं ठरलं की आम्ही आधी घटस्थापनेची इंग्रजी तारीख बघतो. २०२३ साली अधिक श्रावण होता, घट बसले १५ ऑक्टोबरला. २०२४ ला ३ ऑक्टोबर, २०२५ ला थेट २२ सप्टेंबर. २०२६ ला अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून पुन्हा ११ ऑक्टोबर. या तीन आठवड्यांच्या फरकात सह्याद्रीवरून पाऊस माघारी जातो. त्यामुळे सप्टेंबरातलं नवरात्र म्हणजे सरळ पावसाळी चढाई, आणि ऑक्टोबरच्या मध्यावरचं म्हणजे पहाटे गारवा, दुपारी भाजणारं ऊन आणि तिसऱ्या प्रहरी गडगडाट. मागच्या नवरात्रात कोणी टोपीशिवाय जाऊन आलं, हे ऐकून यंदाची तयारी ठरवू नये.

शिखर १६४६ मीटर, महाराष्ट्रात सर्वांत उंच. नेहमीची वाट अकोले तालुक्यातल्या बारी गावातून. घोटीहून भंडारदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच बारी लागतं. गाव सोडलं की ओढा, मग शेताचे बांध, आणि थोडं चढून गेल्यावर पायथ्याचं कळसूबाईचं देऊळ. पुढे चढण, सपाटी, कातळ, शिडी असा क्रम पुन्हा पुन्हा येतो. हा सगळा बेसाल्टचा डोंगर, लाव्ह्याचे थर एकावर एक बसलेले. कठीण थराचे सरळ कडे झाले, तिथे लोखंडी शिड्या आहेत. मऊ थर झिजून उतार झाले, तिथे मुरूम. धोक्याच्या जागा दोन्ही, पण वेगवेगळ्या ऋतूंत.

ओल असते तेव्हा मुरूम पायाला धरून ठेवतो आणि कातळ दगा देतो. पाणी झिरपतं तिथल्या काळ्या दगडावर बारीक हिरवट थर असतो. तो लांबून दिसत नाही, उन्हाच्या तिरिपेत चमकतो. त्यावर टाचेने पाऊल टाकलं की घसरलंच. पूर्ण तळवा टेकवायचा, पाऊल लहान ठेवायचं. ऑक्टोबरात कातळ कोरडा होऊन चांगली पकड देतो आणि मुरूम सुटा होतो. मग त्रास उतरताना. गुडघे किंचित वाकवून, थोडं आडवं होऊन उतरायचं, आणि पुढच्या माणसाच्या अगदी मागे चालायचं नाही, कारण सुटलेला खडा त्याच्याच डोक्याकडे जातो. बूट कुठल्याही कंपनीचे असोत, तळवा मऊ रबराचा आणि खोल खाचांचा हवा. प्लॅस्टिकच्या चपला दोन्ही ऋतूंत वाईट.

शिड्यांबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण गर्दीच्या दिवशी गोंधळ तिथेच होतो. पूर्वी साखळ्यांना धरून चढावं लागे. शिड्या आल्यापासून लहान मुलं आणि म्हातारी माणसंही वर जातात, आणि हे फार चांगलं झालं. पण लोखंडी पायरी निसरडी होते ती मुख्यतः बुटाच्या चिखलाने. निव्वळ पाण्यावर तेवढी घसरत नाही. प्रत्येक जण खालचा चिखल पायरीवर ठेवून जातो आणि शंभराव्या माणसाच्या पायाखाली साबणासारखा लेप तयार होतो. शिडीला पाय लावण्याआधी बाजूच्या दगडावर तळवे नीट घासायचे, हे मागच्यांसाठी करायचं काम आहे. दोन्ही हात मोकळे हवेत. ओटीची पिशवी हातात नाही, पाठीवरच्या सॅकमध्ये. एका वेळी एकच हात किंवा एकच पाय हलवायचा. उतरताना तोंड शिडीकडे. समोर बघत उतरणाऱ्याची सॅक मागच्या पायरीला अडते आणि तोल पुढे जातो. अरुंद शिडीवर वरून कोणी येत असेल तर खालीच थांबायचं, मध्यावर बाजू देता येत नाही.

साडीत चढणाऱ्या बायका खूप असतात. नऊवारीला काही अडचण नाही. सहावारी असेल तर निऱ्या घोट्याच्या वर घ्याव्या आणि पदर कमरेला घट्ट खोचावा. शेवटच्या शिडीखाली उभ्या असलेल्या एका आजींनी सुनेला सांगितलं ते इतकंच होतं, “पदर खोच, वर वारं लई हाय.” एवढं पुरेसं आहे, कारण वाऱ्याने फडफडणारा पदर तोंडावर येतो तेव्हा पायरी दिसत नाही. छत्री शिखराच्या वाटेवर निरुपयोगी. सैल पोंचोही वाऱ्यात शिडासारखा फुगतो. अंगाबरोबरचा रेनकोट बरा.

अनवाणी नवस असणाऱ्यांनी वेळ सांभाळावी. पहाटे लोखंड गार आणि ओलं असतं, पाय बधिर होतो आणि पायरीचा अंदाज चुकतो. ऑक्टोबरात अकरानंतर त्याच पायऱ्या तापतात. सकाळी आठ ते दहा हा त्यातला सोसवणारा काळ. पायात काटा गेला तर उपटायला चिमटा आणि बांधायला स्वच्छ कापड जवळ असावं.

वर जायला सावकाश चालीने तीन ते चार तास, उतरायला अडीच ते तीन. गर्दीच्या दिवशी शिड्यांपाशी अर्धा-पाऊण तास सहज जातो, तो धरून पहाटे साडेपाचला बारी सोडावी. परतीच्या पावसाचे ढग बहुधा दुपारी दोन-अडीचनंतर चढतात, तेव्हा बारापर्यंत शेवटच्या शिडीच्या खाली आलेलं असावं. उघडं शिखर, लोखंडी शिडी आणि वीज हे एकत्र नको. गडगडाट ऐकू आला तर दर्शनाची रांग सोडून उतरायचं. शिडीपर्यंत पोचण्याआधीच विजा जवळ आल्या तर शिडी आणि रेलिंगपासून दूर, माथ्याच्या कडेपासून खाली, सखल जागी उकिडवं बसावं.

थंडीने हुडहुडी भरलेली माणसं सर्वांत जास्त दिसतात ती शेवटच्या शिडीच्या रांगेत, आणि तेही खाली घाम गाळून आलेली. उंचीमुळे वरची हवा बारीपेक्षा पाच-सहा अंशांनी गार असते, त्यात वारा, आणि अंगावर ओला शर्ट. चालत असतो तोवर कळत नाही, उभं राहिलं की दहा मिनिटांत दात वाजतात. त्यावर उपाय सोपा: शेवटच्या शिडीच्या अलीकडे विहीर आहे, तिथे शर्ट बदलायचा, कानाला रुमाल बांधायचा, गूळ-शेंगदाणे खायचे, आणि मग रांगेत उभं राहायचं. विहिरीचं पाणी गाळून, औषधाचे थेंब टाकूनच प्यावं. घरून माणशी दोन लिटर पाणी सप्टेंबरात, तीन लिटर ऑक्टोबरात. तेही नुसतं पाणी नको, लिंबू-मीठ-साखर बरोबर. उपवास असेल तर हे आणखी महत्त्वाचं. निर्जळी उपवास धरून ही चढाई करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

विहिरीच्या आसपास धुकं दाटलं की पाच पावलांपुढचं दिसत नाही. अशा वेळी मळलेली वाट सोडून कडेला फोटोसाठी जायचं नाही. धुकं बहुतेक वेळा काही मिनिटांत फाटतं. ऑक्टोबरातली सकाळ स्वच्छ असली तर पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग हे गड, खाली भंडारदऱ्याचं पाणी, त्यापलीकडे रतनगड, आणि उत्तरेला त्र्यंबक-अंजनेरीची रांग. सप्टेंबरात हे दिसण्याची आशा कमी, पण उतारांवर पिवळी सोनकी पसरलेली असते आणि त्यातून चालण्याचं सुख वेगळंच.

माथ्यावरचं देऊळ अगदी लहान, आत एका वेळी चार-पाच माणसं. कोळी घराण्यात या अटीवर कामाला राहिलेली कळसू, की भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. आणि ते काम सांगितलं तेव्हा ते एकदाच करून डोंगरावर निघून आलेली, ही तिची लोककथा. भांडी घासली त्या जागेला थाळेमेळ म्हणतात. खण-नारळाची ओटी भरायची तर नारळ सोलून न्यावा, ओझं आणि कचरा दोन्ही कमी. निरांजनासाठी तुपात भिजवलेल्या फुलवाती डबीत न्याव्यात, वाऱ्यात कोरडी वात पेटत नाही. काडेपेटी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. करवंट्या, कुंकवाच्या पुड्या, पाण्याच्या बाटल्या खाली आणायच्या. वरून टाकलेली वस्तू झऱ्यात आणि पुढे बारीच्याच शेतात येते.

गुडघे दुखत असतील, पाऊस थांबत नसेल किंवा बारीतूनच माथा काळा दिसत असेल, तर ओटी पायथ्याच्या देवळात भरावी. गावातली वयस्क माणसं तिथेच भरतात. वाटेतल्या टपऱ्यांवर पिठलं-भाकरी आणि लिंबूसरबत मिळतं, पण जोरदार पावसात त्या बंद असू शकतात, म्हणून दशम्या घरून न्याव्या. परतीच्या एसटीची वेळ सकाळीच घोटीला विचारून घ्यावी. अंधारात उतरायची वेळ आली तर मोबाइलचा उजेड पुरत नाही आणि एक हातही अडकतो, म्हणून डोक्याला बांधायची बॅटरी प्रत्येकाकडे स्वतःची हवी.