अन्साची दुसरी प्लेट

परवा दुपारी मांडणीत ताटं लावताना एका ताटाच्या काठावरचं नाव वाचलं. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं, कुणाच्या तरी मुंजीची तारीख आणि 'सप्रेम भेट'. हा मुंजा आमचा कोण लागतो, आता कुठे असतो, काही पत्ता नाही; त्याच्या ताटात आम्ही रोज जेवतो. आणि कुठून कोण जाणे, हेलसिंकीची अन्सा आठवली.

फिनलंडचा दिग्दर्शक आकी कौरिस्माकी, त्याच्या 'फॉलन लीव्ह्ज' या सिनेमातली (२०२३). सुपरमार्केटात कामाला असते. मुदत संपलेली, फेकायचीच वस्तू घरी न्यायला घेतली म्हणून नोकरी जाते. एकटी राहते. रेडिओ लावावा तर युक्रेनच्या बातम्या. अशात एक माणूस भेटतो, त्याला ती जेवायला बोलावते आणि त्याआधी दुकानात जाऊन प्लेट, सुरी, काटा विकत आणते, कारण दुसऱ्या माणसाला वाढायला घरात काहीच नाही. डोळ्यांत पाणी नाही, चेहरा इकडचा तिकडे होत नाही. तो बाटलीतला गडी निघतो. चार वाक्यांत वाजतं, तो निघून जातो, आणि ही बाई नवी कोरी प्लेट उचलून सरळ कचऱ्यात टाकते. मी सोफ्यावरून ओरडलेच, "अगं, धुवून ठेव की!"

खरं सांगायचं तर असल्या युरोपियन सिनेमांच्या गोष्टी माझ्या लक्षात राहत नाहीत. भांडीकुंडी राहतात, पडदे राहतात, कोण कुणाला वाढतं ते राहतं. ही खोड दूरदर्शनची. रविवारी दुपारी प्रादेशिक चित्रपट लागायचे; मसालेभात अंगावर येऊन सगळं घर आडवं झालेलं, जागी मी एकटी. सिनेमा मल्याळी नाहीतर बंगाली. खालची इंग्रजी ओळ अर्धी वाचून होईस्तोवर गायब. मग बघायचं काय? तर त्यांच्या चुली, त्यांचे गडू, ती बाई नारळ कसा खवते ते. मधेच आजी कूस बदलून विचारायची, "अजून चालतोच आहे का गं तो?" मी सांगायची, "नाही, आता बसलाय."

एवढी तालीम झाल्यावर युरोपवाल्यांचं काय भय!

'अल्कारास' मात्र मामाबरोबर बघितला. मामाची शेती आहे. कार्ला सिमोनचा हा स्पेनमधला कॅटलन सिनेमा, २०२२ मध्ये बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात गोल्डन बेअर हा सर्वोच्च पुरस्कार मिळालेला. पीचच्या बागा पिढ्यान्‌पिढ्या कसणारं कुटुंब. यादवी युद्धात जमीनमालकाला लपवलं म्हणून त्यानं जमीन तोंडी दिलेली. आता त्याच्या वारसाला तिथं सोलर पॅनेल लावायचीत. तज्ज्ञांनी या सिनेमातल्या उन्हाबद्दल लिहावं. मामानं पहिल्या दहा मिनिटांत विचारलं, "सातबारा कुणाच्या नावावर आहे?" मग थोड्या वेळानं, "कूळ म्हणून नाव नाही लावलं? शहाणेच आहेत." भाव मिळत नाही म्हणून शेतकरी पीच रस्त्यावर ओततात तेव्हा तो नुसता "कांदा" म्हणाला आणि पुढे वाकून बसला. त्यातली बहुतेक माणसं नट नव्हेतच, त्याच भागातली आहेत, हे त्याला नंतर सांगितलं. "ते दिसतंच की हातांवरून," म्हणाला. समीक्षा म्हणतात ती ही.

माझ्या या खोडीला एकाच सिनेमानं चाप लावला. जोनाथन ग्लेझरचा 'द झोन ऑफ इंटरेस्ट'. नाझींच्या ऑशविट्झ छळछावणीच्या कमांडंटचं घर, छावणीच्या भिंतीला लागून. घर अगदी माझ्या आवडीचं: बाग, टापटीप स्वयंपाकघर, इस्त्रीचे कपडे. एके दिवशी भिंतीपलीकडून कपड्यांचं गाठोडं येतं. मोलकरणींना एकेक उचलायला सांगून फरचा कोट बाईसाहेब स्वतःला ठेवतात. खोलीत जाऊन आरशासमोर घालून बघतात. खिशात हात जातो, लिपस्टिक सापडते. ती उघडतात आणि ओठांना लावून बघतात.

हा सिनेमा बघू का, असं कुणी विचारलं तर मी बघ म्हणते. जेवताना लावू नकोस, एवढं सांगते.