ब्राउअर्सडमचा वारा आणि नवं फॉइल

रॉटरडॅमहून निघालो तेव्हा पाऊस नुकताच उघडला होता. वाऱ्याचा अंदाज 18 नॉटचा (ताशी साधारण 33 किलोमीटर), झोत 28 पर्यंत. नवं फॉइल, म्हणजे शिडाच्या बोर्डाखाली लावायचा, वेगात बोर्डाला पाण्याबाहेर उचलणारा पंख, पहिल्यांदा पाण्यात घालायला हा दिवस नको, असं नवऱ्याचं म्हणणं. पण खोकं तीन आठवडे घरात पडून होतं, मला धीर धरवेना. 2024 च्या ऑलिंपिकमध्ये मार्सेयच्या समुद्रात डच लूक व्हान ऑपझेलँडनं विंडफॉइलिंगचं कांस्य घेतलं, तेव्हापासून हा खेळ डोक्यात बसलाय.

ब्राउअर्सडम हा 1953 च्या महापुरानंतर उभारलेल्या बंधाऱ्यांपैकी एक, 1971 मध्ये पुरा झालेला. पलीकडे उत्तर समुद्र, अलीकडे ख्रेव्हेलिंगनचं खारं सरोवर. इथे भरती-ओहोटी जवळपास नाहीच. बोर्डाखाली 85 सेंटिमीटरचा मास्ट (उभा दांडा) आणि त्याच्या टोकाला पंख असताना पाणी किती खोल हे ठाऊक असणं फार मोलाचं. तळाशी कालवं आहेत, कोकणातल्या खडकांवरच्यासारखीच धारदार. बूट हवेतच.

शाळेत खारे वारे, मतलई वारे पाठ केले होते. आजचा वारा त्यातला कुठलाच नव्हता. पश्चिमेकडून समुद्रावरून यायचा, बंधारा ओलांडताना विस्कटायचा आणि काठाजवळ तर नुसता धसमुसळेपणा करायचा. ढग आला की झोत, ढग सरला की वारा पडलेला.

माझा जुना पुढचा पंख 1100 चौरस सेंटिमीटरचा, नवा 750 चा. वेग दुप्पट झाला की उचल चौपट होते. म्हणून झोतात मोठा पंख बोर्डाला वर वर नेतो, पंख पृष्ठभागाशी येतो, हवा ओढतो आणि उचल क्षणात जाते. बोर्ड आपटतो, आपण शिडावर. लहान पंखानं हे टळेल अशी आशा होती. तरी दोनदा तशीच पडले.

काठावर परतले. शिडाचा पाया दोन सेंटिमीटर पुढे सरकवला, शिडाची खालची दोरी आणखी ताणली, म्हणजे झोतात वरची कड उघडून जादा वारा सोडून देईल.

मग जमलं. पाण्यावर झोताची काळी सुरकुती धावत येताना दिसली. पुढचा गुडघा वाकवला, भार पुढच्या पायावर टाकला, मागचा हात किंचित सैल सोडला. बोर्ड वीतभर खाली आला, पण टेकला नाही. उलट सुसाट सुटला. पाण्याचे फटके थांबले, मास्टची बारीक गुणगुण तेवढी उरली. नवरा काठावरून ओरडत होता, "अगं, वारा पडला!" आणि मी तशीच तरंगत होते. फॉइलऐवजी खाली साधं कल्लं (फिन) असलेल्या जुन्या बोर्डावर एव्हाना पाण्यात बसले असते. ते पंधरा-वीस सेकंद मला अजून आठवतात.

एकदा खाली बसलं की मात्र हा पंख लवकर उठत नाही. ढगाची वाट बघत पाच मिनिटं थांबले. 12 नॉटच्या दिवशी मी जुनाच लावेन.

संध्याकाळी गोड्या पाण्यानं सगळं धुतलं. ॲल्युमिनियममध्ये स्टीलचे बोल्ट खाऱ्या पाण्यानं घट्ट धरतात, म्हणून बधिर बोटांनी एकूण एक काढले, ग्रीस लावलं. पंखाच्या कडेला कालवाचा एक ओरखडा होता. नखानं चाचपला, खोल नव्हता. बारीक पॉलिश पेपर ओला करून घासला की जाईल.