रायफलच्या रिकाम्या पुंगळ्या तपासायला शिकलो, माझा अनुभव

टेक्सासला आल्यावर काही वर्षांनी टार्गेट शूटिंगचा नाद लागला आणि .३०८ विंचेस्टर या मापाच्या काडतुसाची रायफल घेतली. फॅक्टरीची तयार काडतुसं महाग पडतात आणि अचूकपणाही आपल्या रायफलला जुळेल असा मिळत नाही, म्हणून इथले बरेच जण घरीच रिलोडिंग करतात, म्हणजे उडवलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी पुन्हा भरतात. आधीच सांगतो, स्वतःच्या वापरासाठी हे इथे चालतं, विकायचं असेल तर फेडरल लायसन्स लागतं. भारतात आर्म्स ॲक्टखाली लायसन्सशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे, त्यामुळे तिकडच्या कुणी हे वाचून घरी काही करायला जाऊ नये.

सगळे जण पावडर, बुलेट, प्रेस (काडतूस भरायचं दाबयंत्र) कुठला यावरच बोलतात. पण बुलेट, पावडर, प्रायमर (पावडर पेटवणारी बुडातली छोटी टोपी) दर वेळी नवीन असतं, पुन्हा वापरली जाते ती फक्त पितळेची पुंगळी, आणि .३०८ मध्ये कमाल दाब ६२,००० पीएसआयपर्यंत (दर चौरस इंचाला पौंड) धरलेला आहे, तो सगळा गॅस चेंबरमध्ये (रायफलमधली काडतूस बसायची जागा) अडवून धरायचं काम त्या पातळ पितळेचं. म्हणून माझं ठाम मत असं की ज्याला पुंगळी तपासायचा कंटाळा येतो त्याने हे करूच नये.

मला शिकवलं शेजारच्या एका रिटायर्ड आजोबांनी. क्लबमधल्या एकाकडून मला वापरलेल्या पुंगळ्यांची बादली मिळाली होती, ती त्यांच्या गराजमध्ये टेबलावर ओतली आणि त्यांनी पहिल्यांदा हातात दिलं ते लोहचुंबक. स्टीलच्या पुंगळ्या त्याला चिकटल्या, त्या बाजूला. मग बुडावरचे शिक्के बघून कंपनीप्रमाणे ढीग लावले. हे का, तर मिलिटरीच्या ७.६२ नाटोच्या पुंगळ्या बाहेरून सारख्याच दिसतात पण त्यांची भिंत बहुतेक वेळा जाड असते, म्हणजे आत जागा कमी, आणि तीच पावडर घातली तर दाब जास्त. शिवाय त्यांच्या प्रायमरच्या खाचेला क्रिंप केलेलं (कड आत दाबलेली) असतं, ते काढल्याशिवाय नवीन प्रायमर नीट बसत नाही. आत टॉर्च मारून बघायचं, तळाला मधोमध एक भोक दिसलं तर बॉक्सर प्रकारची, दोन बारीक भोकं दिसली तर बर्डन प्रकारची, ती आपल्या साध्या डायच्या (पुंगळी पुन्हा मापात आणणारा साचा) कामाची नाही, उलट जुना प्रायमर ढकलून काढणारी डायची पिन मोडते.

मग पुंगळ्या टंबलरमध्ये (हलवून घासणारं यंत्र) मक्याच्या कणसाच्या भुश्शात टाकून साफ करायचं. चमक यावी म्हणून नाही, काजळी गेल्याशिवाय बारीक तडा दिसतच नाही म्हणून. आईने व्हिडिओ कॉलवर विचारलं की पॉलिश लावून का घासत नाहीस, तर त्याचं उत्तर मला फार आवडलं. काही ब्रास पॉलिशमध्ये अमोनिया असतो आणि पितळेला, म्हणजे ७० टक्के तांबं ३० टक्के जस्त, त्याचं वावडं आहे. ब्रिटिशांच्या काळात आपल्याकडे पावसाळ्यात दारूगोळा तबेल्यात ठेवायचे आणि नंतर बघावं तर काडतुसांना आपोआप तडे गेलेले. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि पुंगळी ओढून बनवताना पितळेत राहिलेला ताण, हे तिन्ही मिळून तडे जातात याचा खुलासा १९२१ मध्ये झाला, इंग्रजीत याला अजून सीझन क्रॅकिंगच म्हणतात. आपल्या पावसाळ्याने शिकवलेला धडा मला टेक्सासच्या गराजमध्ये मिळाला!

तपासायची सुरुवात कानाने. चार-पाच पुंगळ्या ओंजळीत घेऊन हलवायच्या, चांगल्या असतील तर किणकिण वाजतात आणि एखादी तडकलेली असेल तर फुटक्या भांड्यासारखा बद्द आवाज येतो. मग एकेक घेऊन उजेडात फिरवायची. नेकला (तोंडाकडचा अरुंद भाग) उभी चीर म्हणजे पितळ पुन्हा पुन्हा ताणून कडक झालंय, ती सरळ फेकायची. नेकला नुसता पोचा असेल तर चालतं, डायमध्ये निघतो. शोल्डरला (नेकखालचा उतार) किंवा अंगाला चीर असेल तर अजिबात दयामाया नाही.

पण खरी भीती बुडाजवळच्या आडव्या चिरेची. गोळी सुटताना पुंगळीचा पुढचा पातळ भाग चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटतो आणि जाड बूड मागे बोल्टकडे (चेंबर मागून बंद करणारा दांडा) सरकतं, मग ताण येतो तो बुडाच्या थोडा वर, जिथे जाडी संपून पातळ भिंत सुरू होते तिथे. डायमध्ये शोल्डर गरजेपेक्षा जास्त मागे ढकललं तर दर वेळी तिथेच पितळ ताणलं जाऊन पातळ होत जातं आणि एक दिवस बूड वेगळं होतं, गॅस मागे येतो. बाहेरून तिथे चकाकती आडवी रेघ दिसते. गडबड अशी की डायमुळेही तिथे चकाकी येते, त्यामुळे नुसत्या डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नाही. पेपरक्लिप सरळ करायची, टोकाला छोटा आकडा वळवून धार काढायची आणि आतल्या भिंतीवरून तळाकडून वर ओढायची. चांगल्या पुंगळीत ती गुळगुळीत येते, खराबमध्ये एका ठिकाणी खटकन अडकते. मला पहिल्यांदा भास वाटला म्हणून आजोबांनी ती पुंगळी करवतीने उभी कापून दाखवली, आत गोल खाच पडलेली, बाहेर मात्र नावालाही चीर नव्हती. तेव्हापासून प्रत्येक पुंगळीत पेपरक्लिप फिरवल्याशिवाय मी पुढे जात नाही, कितीही वेळ लागू दे.

शोल्डर किती मागे गेलं तेही आता गेज लावून मोजतो, माझ्या बोल्ट ॲक्शन रायफलला (दर वेळी बोल्ट हाताने ओढावा लागतो अशी) इंचाचे दोन सहस्रांश (०.००२ इंच) एवढं पुरतं. लांबी कॅलिपरने, २.०१५ इंचाच्या वर गेली की ट्रिम करून २.००५ वर आणायची, नाहीतर नेक चेंबरच्या टोकाला अडकून बुलेटला आवळतो आणि दाब चढतो.

शेवटची परीक्षा प्रायमर बसवताना, हाताच्या टूलने, कारण त्यात बोटांना कळतं. थोडा विरोध जाणवायला हवा. अलगद घुसला तर खाच सैल झालीय, म्हणजे पुंगळीचं आयुष्य संपलं. एका ढिगातल्या दोन-तीन अशा निघाल्या की मी तो अख्खा ढीग बाद करतो, एकाच वेळी विकत घेतलेल्या आणि तितक्याच वेळा उडवलेल्या असतात त्या, बाकीच्या फार मागे नसतात. बाद पुंगळ्यांची तोंडं पक्कडने चेपून भंगारच्या डब्यात, म्हणजे चुकून कुणी उचलून वापरणार नाही. आणि हे सगळं करताना हात तोंडाला लावायचा नाही, खायचं-प्यायचं नाही, प्रायमरच्या काजळीत शिसं असतं. घरात लहान मुलं असतील तर टंबलर गराजच्या बाहेर, आणि त्याचा भुस्सा चाळताना मास्क लावायचाच.