पंखा तर चालू होता

२६ मे, रात्रीचे साडेदहा

"पंखा तर चालू होता ना, ताई," शेजारच्या वहिनी म्हणाल्या. मी "हो, हो" म्हटलं आणि दार लोटून घरात आले. त्याला आता पाच तास झाले. नवतप्याचा, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांतला, दुसरा दिवस, पश्चिमेच्या भिंतीला अजून हात ठेववत नाही, आणि मी त्या "हो, हो"पाशीच अडकून बसले आहे. बोलायचं होतं ते बोललेच नाही.

पंखा चालू होता हे अगदी खरं. गॅलरीत उभं राहिलं की त्याचा आवाज ऐकू येत होता. पण कुत्र्याला पंख्याने गार वाटत नाही. आपल्याला वाटतं ते घामामुळे: अंगभर घाम येतो, वारा तो सुकवतो, सुकताना कातडीची उष्णता निघून जाते. कुत्र्याला घाम येतो तो फक्त तळव्यांच्या गाद्यांना, आणि तेवढ्याने त्याचं काही भागत नाही. त्याची सगळी भिस्त जिभेवर. धापा टाकायच्या, जिभेवरची आणि नाकातली ओल हवेत सोडायची, तेवढीच काय ती उष्णता बाहेर जाते. वरच्या मजल्यावरचा पंखा तर तापलेल्या स्लॅबखालची हवाच खाली ढकलत राहतो. त्यांच्या ब्राउनीच्या, त्या लॅब्राडॉर कुत्रीच्या, अंगावर दुपारभर तीच हवा येत होती. तिचं अंग ओलं असतं तर त्याच पंख्याने तिला केवढा आराम पडला असता! वहिनींना हे कुणी कधी सांगितलं नसणार. मी तर सांगू शकत होते.

आज आवाजावरूनच कळायला हवं होतं. भुंकणं नेहमीचंच असतं. कुरिअरवाला आला, माकडं गच्चीवर उतरली की ती भुंकते आणि थांबते. आज एकच्या सुमारास भांड्याचा आवाज आला. भरलेलं स्टीलचं भांडं फरशीवर सरकलं की जड, दबका आवाज येतो. रिकामं सरकलं की खणखणतं. आज ते खणखणत होतं, भिंतीपर्यंत जाऊन आपटत होतं, मग परत. अर्धा तास. मग तेही बंद झालं. मी फोन लावला, वहिनी आणि त्यांचे यजमान भाऊ, दोघांनाही. वहिनींच्या ऑफिसात फोन आत नेऊ देत नाहीत हे माहीत असूनही लावत राहिले. भाऊंनी सव्वातीनला उचलला आणि साडेचारला आले. मधला सव्वा तास मी भिंतीला कान लावून होते. काहीच ऐकू येत नव्हतं. भुंकणारं कुत्रं निदान जागं तरी असतं.

ती मोरीत होती. कडेच्या ओल्या फरशीवर पोट टेकून, चारही पाय पसरून. आम्हाला बघून शेपूट दोनदा हलवली, उठली नाही. जीभ टोकाशी पसरट होऊन लोंबत होती, लाळ घट्ट, दोरीसारखी. ओठ वर करून हिरडी बघितली, नेहमीपेक्षा लाल होती आणि बोटाला चिकटत होती. बोटाने दाबून सोडली की पांढरा ठिपका उमटतो, तो दोन सेकंदांत भरून यायला हवा. भरला. तेव्हा माझा श्वास मोकळा झाला. ताप बघितला तर १०३.६. कुत्र्याचं अंग एरवीच १०१ ते १०२.५ असतं, त्यामुळे हाताला गरम लागलं म्हणून घाबरायचं नसतं. पण १०४ च्या पुढे धोका सुरू होतो आणि १०६ म्हणजे आतले अवयव भाजायला लागतात. आपण किती जवळ गेलो होतो ते भाऊंना मी सांगितलं नाही. त्यांचे हात आधीच थरथरत होते.

नळाचं पाणी अशा दुपारी कढतच येतं, टाकी गच्चीवर उन्हात. म्हणून माझ्या माठातलं आणि बादलीतलं आणलं. पोट, जांघा, काखा, मान, पंजे असं ओतत गेलो आणि टेबलफॅन तिच्यावर लावला. भाऊंनी ओला टॉवेल पांघरायला घेतला, तो मी काढला. पांघरलेला टॉवेल पाच मिनिटांत गरम होतो आणि मग घोंगडीचं काम करतो, आतली उष्णता बाहेर पडूच देत नाही. पोटाखाली अंथरला तर चालतो. पाणी तोंडात ओतायचं नाही, धापा टाकणाऱ्या जनावराच्या ते फुफ्फुसात जातं. समोर ठेवायचं, चार घोट पिऊ द्यायचं, भांडं काढून घ्यायचं, पुन्हा ठेवायचं. एकदम लिटरभर प्यायली असती तर सगळं उलटून टाकलं असतं. १०३ खाली आल्यावर पाणी ओतणं थांबवलं. त्याच्या पुढेही ओतत राहिलं तर ताप नको तितका उतरतो. पाऊण तासाने १०२.४ भरला आणि ती उठून वहिनींच्या चपलेजवळ जाऊन बसली.

डॉक्टरांना फोनवर सगळं सांगितलं. आज रात्री आणि पुढचे दोन दिवस लक्ष ठेवायला सांगितलं आहे: उलटी, शीमध्ये रक्त, लघवी कमी होणं किंवा चहासारखी गडद होणं, चालताना झोक जाणं. यातलं एकही दिसलं तर तडक घेऊन जायचं, सकाळची वाट बघायची नाही. ऊन लागलेलं कुत्रं संध्याकाळी ठणठणीत वाटतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याचे मूत्रपिंड बसतात. हे बघितलेलं आहे. मोत्याबद्दल इथे लिहीत नाही.

मग वहिनी आल्या, आणि ते वाक्य.

मला इतकं का लागलं? पाणी मी ओतलं, सव्वा तास भिंतीपाशी मी होते, आणि शेवटी त्यांना वाटावं की ही आपल्यावर ठपका ठेवते आहे. दार लोटताना डोळ्यांत पाणी होतं. शेजाऱ्याने किती बोलायचं, किती नाही, हे काही कुठे लिहिलेलं नसतं. कायद्यात मात्र लिहिलं आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा १९६० चा कायदा, कलम ११. पुरेसं अन्न, पाणी किंवा निवारा न देणं हा मालकाचा गुन्हा. नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवण्यात हयगय करणं हाही गुन्हा, तिथे कुत्र्याचं नाव घेऊन लिहिलं आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये, कित्येक दशकांपासून तोच. पण ब्राउनीच्या घरात कायद्याला काय काम? साडेपाचला उठून तिला फिरवून आणतात, तिच्यासाठी वेगळा भात लावतात. त्या घरात प्रेमाची कमतरता नाही. त्यांनी तिच्यासाठी नेमकं तेच केलं जे स्वतःसाठी केलं असतं. पंखा लावला, पडदे ओढले, भांडं भरलं.

आणि माझं काय? हिशेब मला येतो. मार्चमध्ये घालता आला असता. किलोमागे दिवसाला ५०-६० मिली पाणी. ब्राउनी ३४ किलोची, म्हणजे एरवीच पावणेदोन-दोन लिटर, आणि या दिवसांत दुप्पट धरायचं. ते भांडं एक लिटरचं आहे. शिवाय लॅब्राडॉर तापलं की भांड्यात पुढचे पाय घालून उकरतं, तो खोडकरपणा नसतो, त्याला पंजे गार करायचे असतात. नऊला भरलेलं भांडं साडेनऊलाही उपडं झालेलं असू शकतं. भाऊ दर वेळी म्हणतात, "लई सांडवते जी ही." मी दर वेळी हसले.

वय आठ, वजन पाच-सहा किलो जास्त, आणि हल्ली श्वास घेताना घशातून घरघर येते. म्हाताऱ्या लॅब्राडॉरचा घसा असा सैल पडतो, हवा आत जायची वाट अरुंद होते. धापांवरच ज्याचा जीव, त्याची धापच अपुरी पडते. तेही बोलायचं आहे. बोलले नाही. आणि भाऊ तिला भादरून आणायचं म्हणताहेत, ते आधी थांबवायला हवं. तिच्या अंगावर दोन थरांची लोकर आहे, ती ऊनही अडवते. वस्तऱ्याने काढली की कातडी भाजते. आतली सुटलेली लोकर रोज विंचरून काढली की पुरे.

त्यांच्या घरात कूलर आहे. मोठा, वाळ्याच्या ताट्यांचा. पण तो बेडरूमच्या खिडकीला, आणि ती गादीवर चढते म्हणून बेडरूमचं दार बंद. हॉलमध्ये नुसता पंखा. दार उघडून गादी एका चादरीने झाकली असती तर आजचा दिवस असा गेला नसता. आपल्याकडची हवा कोरडी, पंचेचाळीसमध्येही कूलर खोली तिशीच्या आसपास आणतो. मुंबईच्या दमट हवेत हे जमणार नाही, तिथे कूलरने उलट घुसमट होते. पण इथेही घर गच्च बंद करून कूलर लावला तर तीच गत: तासाभरात खोली दमट होते, ओल उडायला जागा उरत नाही आणि कुत्र्याची धाप फुकट जाते. समोरची खिडकी वीतभर उघडी हवी. टाकी ६० लिटरची असली तरी या उन्हात सहा-सात तासांत तळ दिसतो, मग ताट्या वाळतात आणि कूलर बाहेरची झळ आत फेकतो. पंप कोरडा फिरून जळतो तो वेगळाच. नऊला निघालेलं माणूस सातला येणार असेल तर मधे एकदा भरायला कुणीतरी हवं, नाहीतर टाकीला पाइप आणि बॉलकॉक.

आणि अर्थिंग! ओल्या पायांचं कुत्रं पत्र्याच्या कूलरला नाक लावतं. दरवर्षी माणसं जातात कूलरच्या शॉकने. इलेक्ट्रिशियनकडून बघून घेतल्याशिवाय नाही, आणि तरीही पुढे दोन खुर्च्या आडव्या.

सव्वाअकरा

मधेच बेल वाजली, म्हणून उठले होते. वहिनी होत्या. हातात डबा, आणि डब्यावर किल्ली.

"ताई, माझी झोपच उडाली आहे. दुपारी एकदा डोकावाल का जी? तुम्हाला त्रास होईल, पण..." आणि मग रडल्याच. मला वाटलं होतं त्या रागावल्या आहेत. त्या पाच तास तेच वाक्य घोळवत बसल्या होत्या. मी लावलेला अर्थ माझा होता, त्यांचा नव्हता.

मग बोलले. सगळं नाही, एका दमात सगळं बोललं तर समोरच्याच्या हाताला काहीच लागत नाही. पंख्याचं सांगितलं. बेडरूमचं दार उघडं ठेवायचं, ते लगेच पटलं. पाण्याची तीन भांडी तीन खोल्यांत, त्यातलं एक मातीचं, पसरट आणि जड, उलटवता न येणारं. माझ्याकडे पक्ष्यांसाठी आणलेलं एक जास्तीचं आहे, उद्यापासून ते तिचं. मोरीत घमेल्यात चार बोटं पाणी, पंजे बुडवायला, आणि त्याखाली ओलं गोणपाट म्हणजे पाय घसरणार नाही. मोरीच्या दाराला वीट लावायची. आज वाऱ्याने ते दार लागलं असतं तर ती आत आणि प्यायचं पाणी बाहेर, किंवा उलटं. डबाभर दहीभात रात्री फ्रीजरमध्ये टाकायचा, मिठाशिवाय, सकाळी निघताना डब्यासकट तिच्यासमोर ठेवायचा, चाटत तासभर जातो. आंब्याची कोय मात्र नाही, आतड्यात अडकते. फिरायला सहाच्या आत आणि रात्री नऊनंतर. तेही तळहाताची मागची बाजू सात सेकंद डांबरावर टेकवून बघायची, आपल्याला सोसलं तरच.

वहिनींनी फोनमध्ये लिहून घेतलं. "वीट" लिहिताना थांबल्या, म्हणाल्या, "वीट कुठून आणू?" गच्चीवर तुळशीच्या कुंडीखाली दोन आहेत.

ब्राउनी दारात उभी होती. लघवी फिकट पिवळी झाली म्हणाल्या, जेवलीही. हिरडी पुन्हा बघितली. गुलाबी, ओली.

किल्ली खिळ्याला टांगली आहे. दीडला टाकी भरायची, भांडी बघायची, अंग ओलं करून पंख्याखाली पाच मिनिटं बसवायची. घशाचं आणि भादरण्याचं भाऊंशी बोलायचं आहे, रविवारी. खिडकी वीतभर उघडी ठेवायचं सांगायचं राहिलं. त्या नऊला निघतात, त्याआधी सांगायला हवं.